एक्केचाळीस पाठवण्या

डोळे मिटून घ्या बरं, मुलांनो. मिटले? आता असं समजा की तुमच्या हातात बेसबॉलची बॅट आहे. समोरून चेंडू येतो आहे, तुमच्याच वयाच्या मुलानं टाकलेला, फार वेगाचा नाही, छातीच्या जरासा खाली, अगदी हवा तिथे. सगळं अंग म्हणतंय, फिरव. आणि तुम्ही फिरवायची नाही. चेंडूकडे तोंड करून उभं राहायचं, एक हात बॅटच्या मध्यापर्यंत सरकवायचा, बॅट आडवी धरायची आणि चेंडूला तिच्यावर येऊन नुसतं मरू द्यायचं. तो तीन-चार पावलांवर मातीत लोळतो, कुणीतरी धावत येऊन उचलतो, पहिल्या बेसवर फेकतो. तुम्ही बाद. पण तेवढ्या वेळात तुमचा जो गडी पहिल्या बेसवर उभा होता तो दुसऱ्यावर पोचलेला असतो. याला आम्ही पाठवणी म्हणतो. आपण बाद व्हायचं आणि दुसऱ्याला एक घर पुढे पाठवायचं. तुम्ही परत येता तेव्हा बाकावरची सगळी मुलं उभी राहतात, हात पुढे करून टाळ्या देतात, "छान, छान" म्हणतात. आता हे एकदा नाही, एक्केचाळीस वेळा झालंय असं समजा. मार्चपासून नोव्हेंबरपर्यंत. उघडा डोळे.

मला हे एवढं दिसायला एक कागदी पिशवी लागली. नोव्हेंबरचा शेवटचा रविवार होता. वर्तमानपत्र घ्यायला दार उघडलं तर मुठीला पिशवी अडकवलेली. तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत वारा होता, पिशवी दारावर हलकेच आपटत होती, आणि घरात मला मघापासून ऐकू येणारा आवाज तोच होता, हे तेव्हा लक्षात आलं. आत सुझुमे संघाचा गणवेश. सुझुमे म्हणजे चिमण्या; मुको नदीच्या पात्रातल्या मैदानावर गेली सेहेचाळीस वर्षं हा प्राथमिक शाळेच्या मुलांचा संघ खेळतो, आणि त्यातली एकतीस वर्षं मुलं मला 'कांतोकु' म्हणतात. शिकवणारा, रागावणारा आणि पाऊस आला की चुन्याच्या गोण्या झाकायला धावणारा, तिन्ही मीच. गणवेश दुकानातल्यासारखा घडी घातलेला, साबणाचा वास असलेला. पाठीवरचा चार नंबर उसवून वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवला होता. सोबत लाल चवळीच्या गोड वड्यांचा डबा आणि आईच्या अक्षरातली चिठ्ठी: इतके दिवस कोतोनेची काळजी घेतलीत, फार त्रास दिला, आभारी आहोत. मोरिशिता. एवढंच. का, ते नव्हतं.

सेत्सुको, माझी बायको, चहा गाळता गाळता म्हणाली, "काय आलंय?"

"कोतोनेचा गणवेश."

"फाटला होय?"

"परत केलाय."

तिनं गाळणी खाली ठेवली. एकतीस वर्षं ज्या घरात आईला वेळ नसेल त्या घरच्या मुलांचे नंबर ती शिवत आली आहे. तिनं सदरा उलटा केला, खिडकीकडे धरला आणि सुईच्या भोकांच्या रांगेवरून नख फिरवलं. "दोऱ्याचा एक तुकडासुद्धा राहू दिलेला नाही बघा. रागानं उसवलं असतं तर कापड ओरबाडलं असतं. हे सावकाश, एकेक टाका सोडवलाय." आणि मग म्हणाली, "अहो, सावकाश ठरवलेलं बदलत नाही हो लवकर."

माझ्या मनात त्या क्षणी फक्त एक आकडा होता. आठ. ते कबूल करायला हवं, म्हणून सांगतो. एका अकरा वर्षांच्या मुलीनं खेळ सोडला, आणि तिच्या शिक्षकाच्या मनात पहिल्यांदा आलं ते हे की सहावीची पाच मुलं जाणार, उरतात नऊ, आणि आता आठ. डिसेंबरच्या दहा तारखेपर्यंत नऊ नावं नोंदवली नाहीत तर पुढच्या हंगामात सुझुमे हा संघच राहणार नाही. वरच्या पुलाजवळच्या संघात आठ जण विरघळून जातील. टेबलावर आदल्या दिवशी लिहून पुरा केलेला कागद होता. दर डिसेंबरात पालकांना एक पत्रक जातं, त्यात मी लिहितो: पुढच्या हंगामाचा संघ आणि फलंदाजीचा अंदाज. कोण कितव्या क्रमांकावर, कुणाकडून काय अपेक्षा. मला ते लिहायला आवडतं. बाहेर नदीवरून थंड वारा सुटलेला असतो, मैदानावर कुणी नसतं, आणि कागदावर मात्र एप्रिल असतो, सगळे सुदृढ, सगळे मारणारे. पहिला इप्पेई, वेगवान, चेंडू नीट पाहतो. चौथा गेंता, अंगात ताकद, यंदा चेंडू गवताच्या पट्ट्यापलीकडे जातील. नववा सोसुके, लहान आहे, शिकेल. आणि दुसरी: मोरिशिता कोतोने, पाठवणीत पूर्ण भरवशाची. त्या ओळीवर बोट ठेवून मी बसलो. इप्पेईच्या ओळीत 'पाहतो' होतं, गेंताच्या ओळीत 'जातील' होतं, सोसुकेच्यासुद्धा 'शिकेल' होतं. कोतोनेच्या ओळीत काही घडणारच नव्हतं.

मी हंगामाच्या वह्या काढल्या. कोतोने अठ्ठावन्न वेळा फलंदाजीला गेली. त्यातल्या नऊ वेळा गोलंदाजानं चार वाईट चेंडू टाकले म्हणून ती फुकट पहिल्या बेसवर गेली. एक्केचाळीस वेळा पाठवणी. उरल्या आठ. आठ वेळा तिनं बॅट फिरवली, बहुतेक बेसवर कुणी नसताना; आठही वेळा बाद. म्हणजे वर्षभरात एकही फटका नाही; सरासरी शून्य. आणि गंमत अशी की पाठवणी केली की ती पाळी सरासरीत धरतच नाहीत. तो नियम चांगल्या भावनेनं केलेला आहे, दुसऱ्यासाठी बाद होणाऱ्याचं नुकसान होऊ नये म्हणून. पण त्या सकाळी मला तो वेगळाच दिसला. एक्केचाळीस वेळा ती मुलगी हेल्मेट घालून, बॅट घेऊन, पंचाला वाकून नमस्कार करून तिथे उभी राहिली होती, आणि वहीच्या मते ती तिथे नव्हतीच. तिला तसं कुणी उभं केलं? एक्केचाळीस वेळा मी कमरेच्या पट्ट्याला हात लावला होता. टोपी, मनगट, छाती असे खोटे हात फिरवून शेवटी पट्टा. पट्टा म्हणजे पाठव. मोकळी फिरव, याचीही एक खूण आहे, दोन टाळ्या. मी खूप आठवून पाहिलं. कोतोनेकडे बघून टाळ्या वाजवल्याचं मला आठवेना. तळहातांना काही आठवत असेल म्हणून मी ते टेबलावर उलटे ठेवून पाहत बसलो.

असं का केलं असेल मी? ती चांगली करायची म्हणून, हे खरं आहे. इतक्या हलक्या हातानं चेंडू मारणारं मूल मी पाहिलं नव्हतं. तिच्या बॅटवर चेंडू आला की तो झोपी जायचा. उन्हाळ्यात एकदा तो बोटावर आला, महिनाभर पहिल्या बोटाला पट्टी होती, तरी एक पाठवणी चुकली नाही. पण खरं कारण त्याच्याही मागे होतं, आणि ते माझ्या वडिलांपर्यंत जात होतं. मी हायस्कुलात असताना दुसऱ्या क्रमांकावर खेळायचो. आमचे कांतोकु ओनिझुका म्हणून होते, आवाज असा की दोन मैदानं पलीकडची मुलं सरळ उभी राहायची. त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं, "कुसाका, तुझ्यात मोठा फटका नाही. पण तू कामाचा आहेस." सतराव्या वर्षी कुणी तुम्हाला कामाचं म्हटलं की काय होतं ते सांगू? ऊब येते. कानापर्यंत येते. जिल्ह्याच्या उपांत्य सामन्यात आठव्या डावात मी एक पाठवणी केली, त्यावरूनच जिंकायची धाव झाली, आणि रेडिओवर माझं नाव आलं. एकदाच. पत्र्याच्या कारखान्यात माझे वडील पाळीवर होते; यंत्रांच्या खडखडाटात दहा-बारा माणसं रेडिओला कान लावून बसली होती. त्यांनी ऐकलं: दुसरा फलंदाज कुसाका, सुरेख पाठवणी. ज्या खानावळीत कधी नेलं नव्हतं तिथे त्यांनी मला नेलं, भातावर वाढलेली भाजलेली वाम मासळी खाऊ घातली, आणि स्वतः नुसतं सूप घेऊन माझ्याकडे बघत बसले. त्या दिवसाचे आभार मी अजून मानतो आहे. वामेवरच्या त्या गोड काळ्या रसाचा वास आला की अजूनही पाठ ताठ होते. आणि मला वाटत आलं की ज्यानं मला इतकं दिलं, ते मी त्या मुलीलाही देतो आहे. भेट म्हणून देतो आहे. मुलांनो, आभार ही फार चांगली गोष्ट आहे, पण ते माझे होते. दुसऱ्याच्या अंगावर माझा कोट चढवताना तिचे हात केवढे आहेत ते मी बघितलंच नाही. त्यातही एक गोष्ट मी इतकी वर्षं नीट बाजूला ठेवली होती. वाम खाऊन आलो त्या संध्याकाळी, घरामागच्या भिंतीशी, मी झाडूच्या काठीनं झाडाखाली पडलेली, काकी नावाची पिकली केशरी फळं मारत सुटलो होतो. एकामागून एक. फिरवून, पूर्ण अंगानिशी. भिंत केशरी होईपर्यंत. आईनं विचारलं तेव्हा मी म्हणालो, पोट जड झालंय म्हणून व्यायाम करतोय.

जेवण झाल्यावर मी पादत्राणं घातली. सेत्सुकोनं विचारलं, "आणायला चाललात तिला?"

"नाही."

"मग?"

"नमस्कार करायला."

"डबा घेऊन जाऊ नका परत," ती म्हणाली. "वड्या मी फोडल्यात."

मोरिशितांचं सायकलदुरुस्तीचं दुकान बाजाराच्या छताखालच्या गल्लीत, अगदी टोकाला आहे. रविवारी निम्मी दुकानं बंद असतात, चालताना आपलीच पावलं छतावरून परत येतात. मी वाक्यं जुळवत होतो आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी कुठूनतरी तो आठ आकडा डोकं काढत होता. तू आलीस तर बरं होईल. संघाला तुझी गरज आहे. मुलांकडे बघून ये. एकेक वाक्य मी तोंडात फिरवून पाहिलं, आणि प्रत्येकात माझा हात पट्ट्याकडे जाताना दिसला. संघासाठी ये, म्हणजे पुन्हा पाठवणीच. बेचाळिसावी. तेव्हा मी गल्लीच्या मध्यावर उभा राहून ठरवलं की सुझुमे संघ बुडाला तर बुडू दे. सेहेचाळीस वर्षं. पण पाय जरा हलके झाले.

कोतोने दाराशीच स्टुलावर बसली होती. पाण्याच्या घमेल्यात सायकलची ट्यूब बुडवून बुडबुडे कुठून येतात ते बघत होती. मला पाहून उभी राहिली, ओले हात मागे लपवले आणि मैदानावर करते तसा कमरेतून वाकून नमस्कार केला. "कांतोकु."

आतून आई आली. कोपरापर्यंत ग्रीस. "अहो कांतोकु, तुम्ही कशाला आलात! पिशवी मिळाली ना? मीच येऊन बोलायला हवं होतं, पण हिनं सांगितलं, नुसती लावून ये."

"मिळाली. गणवेश इतका स्वच्छ की मला वाटलं, नवाच आणून दिलात."

"बाई ग! हे हात बघून कुणी म्हणेल का," असं म्हणून ती हसली, मग हसणं थांबवलं आणि पोरीकडे बघितलं.

मी टोपी काढली. कोतोनेच्या समोर उभा राहिलो आणि तिनं केला होता तसाच, कमरेतून वाकलो. वयानं पाठ कुरकुरते, म्हणून जरा वेळ लागला. "कोतोने, तू यंदा एक्केचाळीस पाठवण्या केल्यास. त्यातून बावीस धावा झाल्या. मी आज सकाळी मोजल्या, तेव्हा मोजायला हव्या होत्या. त्याबद्दल तुझे आभार. आणि मी तुला वर्षभर बॅट फिरवू दिली नाही. ती माझी चूक. त्याबद्दल माफ कर."

घमेल्यातल्या ट्यूबमधून बुडबुडे येत राहिले.

"आता आठच आहेत ना?" कोतोने म्हणाली.

"आठ."

"मग संघ जाणार."

"ते मी बघतो. ते तुझं काम नाही."

ती बराच वेळ माझ्याकडे बघत होती. यात खूण कुठली आणि खोटा हात कुठला, ते शोधत असावी. मी हात खिशाबाहेर काढून दोन्ही बाजूंना लोंबते सोडले. मग ती म्हणाली, "मी एकदा खूण असताना फिरवली होती. ऑगस्टमध्ये. तुम्ही पट्ट्याला हात लावलात, आणि मी न दिसल्यासारखं केलं. चेंडू वर गेला, मी झेलबाद झाले. मला वाटलं तुम्ही खूप ओरडाल."

मला तो सामना आठवला. वहीत मी लिहिलं होतं: खूण चुकली. "ओरडलो नाही."

"नाही. तुम्ही म्हणालात, काही हरकत नाही, ऊन डोळ्यांवर होतं. सगळे म्हणाले, ऊन होतं." तिचा आवाज जरा बारीक झाला. "ऊन नव्हतं."

आई पुढे येऊ लागली, मग थांबली आणि उगाचच एक चाक फिरवून बघू लागली.

"आणि पाठवणी केली की सगळे छान म्हणायचे," कोतोने म्हणाली. "मला आवडायचं ते. खरंच. पण मग मला वाटलं, पुढच्या वर्षीही मी हेच करणार. आणि मोठ्या शाळेत पण. आणि सगळे छानच म्हणत राहणार."

मी मान हलवली. मला सत्तावन्न वर्षं लागली होती तिथे ती अकराव्या वर्षी पोचली होती, आणि मला कौतुक करावंसं वाटलं, पण 'छान' हाच शब्द ओठांवर आला म्हणून तो मी गिळला. त्याऐवजी खिशातून पत्रकाचा कागद काढला. कशासाठी काढला ते आजही नीट सांगता येणार नाही. रिकाम्या हातांचं काय करावं ते कळत नव्हतं, हेच असेल. "हे पुढच्या वर्षीचं लिहिलंय. पण मला आता माझ्या डोळ्यांचा भरवसा वाटत नाही. बघतेस?"

तिनं हात मांडीला पुसले, कागद घेतला, आणि दोन ओळी वाचल्या न वाचल्या तोच नाकानं हसली. "गेंता, ताकद, गवतापलीकडे. कांतोकु, गेंता पहिल्या चेंडूला डोळे मिटतो."

"काहीतरीच!"

"घट्ट मिटतो. दुसऱ्याला उघडतो. म्हणून पहिल्या चेंडूला त्याला काही ओरडून सांगू नका, तो आणखी घाबरतो. आणि बेसवर आधीच कुणी असलं ना, तर मिटतच नाही."

"हे तुला कसं कळलं?"

"मी नेहमी लवकर परत येते ना," ती म्हणाली, अगदी साधेपणानं. "बाकावर बसून बघायला मला खूप वेळ असतो."

आईच्या हातातलं चाक थांबलं. मी स्टूल ओढून बसलो आणि कानावरची पेन्सिल तिला दिली. मग तिनं जे सांगितलं ते मी एकतीस वर्षांत कुणाकडून ऐकलं नव्हतं. इप्पेई पहिलाच राहू दे, पण तो सगळे फटके डावीकडे मारतो हे आता सगळ्या संघांना ठाऊक झालंय, सगळे तिकडे सरकून उभे राहतात. हिवाळाभर त्याला उजवीकडे मारायला लावा. सोसुकेला नववा ठेवू नका, तो रडतो. "रडतो?" मी म्हणालो. "हेल्मेटमध्ये. म्हणून दिसत नाही." त्याला दुसरा ठेवा. तो एवढासा आहे की त्याला नीट चेंडू टाकताच येत नाही कुणाला; चार वाईट चेंडू, आणि हा फुकट बेसवर. मग गेंता येईल तेव्हा बेसवर कुणीतरी असेल. ती लिहीत होती, खोडत होती, कागदावर तिच्या बोटांचे काळे ठसे उमटत होते, आणि त्या ठशांमधून माझा संघ मला पहिल्यांदा दिसत होता.

"आणि पाठवणी कोण करणार?" तिनं वर न बघता विचारलं.

"आळीपाळीनं. सगळे."

"गेंता पण?"

"गेंता पण."

"गेंताची पाठवणी!" ती जोरात हसली. आईही हसली आणि ग्रीसचा हात गालाला लावून बसली.

मग पेन्सिल दुसऱ्या ओळीवर आली, तिच्या स्वतःच्या. पाठवणीत पूर्ण भरवशाची. तिथे ती थांबली. मी घमेल्याकडे बघू लागलो. एकच बारीक बुडबुडा पुन्हा पुन्हा त्याच जागेतून वर येत होता आणि फुटत होता, आणि मला वाटत होतं की मी श्वास घेतला तरी तो एक इशारा होईल. तिनं ती ओळ खोडली. एका रेघेनं. खाली, सहाव्या जागी, नाव लिहिलं. पुढे काही लिहिलं नाही.

"सहावी?" मी विचारलं.

"सहाव्यापर्यंत खुणा करून तुम्ही दमलेले असता," ती म्हणाली.

"कोतोने!" आई ओरडली.

पण मी हसत होतो. हसताना डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते पुसलं नाही, कारण तेवढ्यात ती उठली होती. शटर खाली ओढायची लांब काठी तिनं कोपऱ्यातून घेतली आणि गल्लीत जाऊन उभी राहिली. "कांतोकु, काहीतरी टाका ना." आईनं हातातलं तेलकट फडकं गोळा करून, सुतळीनं बांधून माझ्याकडे फेकलं. "समोरच्या काचा सांभाळा, दोघांनी!" मी टाकलं. कोतोनेनं पूर्ण अंगानिशी काठी फिरवली; फडकं तिच्या पोटाला लागून खाली पडलं आणि ती स्वतःभोवती फिरून भिंतीला टेकली. पुढचा खांदा फार लवकर, फडकं पोचायच्या आधीच, उघडला होता. ते मला स्पष्ट दिसलं, आणि माझं तोंडही उघडलं. मी ते मिटलं. तिनं फडकं उचललं, दोन्ही हातांनी दाबून पुन्हा गोल केलं, माझ्या तळहातावर आणून ठेवलं. परत जाऊन ती सवयीनं पुढेच उभी राहिली, पाठवणी करणारे उभे राहतात तशी, चेंडूच्या जवळ. मग तिनं पायांकडे पाहिलं, आणि दोन पावलं मागे सरकली.